पापड, तिसरा मजला

माझ्या फोनात एकाही पेशंटचं नाव खरं नाही.
हौसाबाई आहे ‘पापड, तिसरा मजला’.
तबस्सुम आहे ‘ब्लाऊज, हुक लावायचे’.
नेल्सन ‘गिटार क्लास’.
त्यानं जन्मात गिटारला हात लावलेला नाही,
पण म्हणाला, सिस्टर, जरा बरं वाटेल असं लिहा.

दवाखान्यातून कागद येतो,
त्यावर पूर्ण नाव, वय, वजन, थुंकीचा निकाल.
तो मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते,
पैशांच्याही मागे.
मानखुर्दच्या या पुनर्वसनाच्या इमारतींत
एका विंगचा खोकला दुसऱ्या विंगमध्ये मोजतात,
आणि ठरलेलं लग्न मोडायला तेवढा पुरतो.

सोळा वर्षं मी लोकांना नावं ठेवत आले
लोक वाचावेत म्हणून.

मग पुतण्यानं नवं ॲप टाकून दिलं.
काकू, फुकट आहे, फोटो पटकन जातात.
देवनारच्या स्टॉपवर उभी होते,
एका हातात थुंकीच्या डब्यांची पिशवी,
तेव्हा पडद्यावर एक चौकोन आला, अगदी नम्र:
तुमच्या संपर्कांना प्रवेश द्यायचा का?
खाली दोन उत्तरं. एक निळं, ठळक, अंगठ्याच्या मापाचं.
दुसरं राखाडी, लग्नात कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखं.
बस येत होती. निळं दाबलं.
तीनशे बारा माणसं गेली
आणि फोनचं वजन तेवढंच राहिलं.

गुरुवारी हौसाबाईचा फोन.
नळ सोडून ठेवला होता, घरात ऐकू जाऊ नये म्हणून.
बाई, माझ्या मोबाइलवर आलंय,
‘यांना तुम्ही ओळखत असाल’,
आणि खाली समोरच्या खोलीतली तबस्सुम.
माझ्याकडं तिचा नंबर नाही, तिच्याकडं माझा नाही.
मग आमच्या दोघींच्या मधी कोण हाय?

मी होते मधे.
पापड, हुक, गिटार, ॲपला काय त्याचं?
त्यानं नावं वाचलीच नव्हती,
नुसते आकडे घेतले
आणि एकीचा धागा दुसरीकडं कुठून जातो ते पाहिलं.
मी आयुष्यभर मणी झाकत बसले, दोरा उघडाच.

खोटं बोलले. म्हटलं, असेल भिशीतलं काहीतरी.
ती गप्प. नळ चालू.
मग अगदी हळू,
तिची बी लघवी लाल होती का, बाई?

त्या रात्री सेटिंग्जमध्ये उतरले,
कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा.
संपर्क सिंक, त्यापुढं एक खिट्टी.
सरकवली, लगेच सरकली, कशाला तरी नकार नाही.
त्याखाली बारीक अक्षरात:
आधी घेतलेले संपर्क काढून टाका.
दाबलं. एक गोल फिरत राहिला,
मला झोप लागेपर्यंत फिरत होता.

पुतण्या म्हणाला, एवढं काय काकू,
तुझेच तर नंबर, तुझी मर्जी.
माझे?
गावाला जाताना शेजारी किल्ली देऊन जातात,
म्हणून घर माझं होतं का रे?
तो हसला. त्याच्या फोनात अठराशे आहेत.
त्यांतली मी एक, ‘काकू टीबी’.

सोमवारी गोळ्या घेऊन गेले
तर जिन्यात दोघी, एकाच पायरीवर,
मधे एक वीत जागा आणि शेंगांची परात.
कुणी माझ्याकडं पाहिलं नाही.
तबस्सुमनं सोललेले दाणे हौसाबाईच्या बाजूला सारले.
यात माझं काही श्रेय नाही, मी ते घेणारही नाही.

कारण नेल्सनला कुणी दिसलं,
की नेल्सन कुणाला दिसला, ते मला कळलंच नाही.
त्याची खोली बंद. वॉचमन म्हणतो, सामान नेलं.
चौथ्या महिन्याच्या त्याच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये,
पैशांच्या मागे.
रोज सकाळी ‘गिटार क्लास’ला फोन लावते.
बाई सांगते, हा क्रमांक अस्तित्वात नाही.
तिला म्हणावंसं वाटतं,
तुमच्याकडं आहे ना पण, कुठंतरी?